कीटकनाशकांची साठवण व हाताळणीची साधने

कपाशीवरील फवारणीचा हंगाम आला की घरोघरी कीटकनाशकांच्या बाटल्या येतात. बाटली आणली जाते व वळचणीला, कोनाड्यात अथवा बियाण्याच्या कणगीशेजारी ठेवली जाते. शेतकरी तिला 'औषध' म्हणतो. या शब्दामुळेच तिच्याविषयीची धास्ती कमी झाली असावी.

फवारणी करणाऱ्यास धोका असतो हे सर्वांस ठाऊक आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजुरांस विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. परंतु विष मोजून पाण्यात मिसळण्याची वेळ त्याहूनही जोखमीची असते, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. दहा लिटर पाण्यात २० मिलिलिटर कीटकनाशक घालावयाचे म्हणजे ५०० भागांत एक भाग झाला. सबब बाटलीतील एक थेंब बोटावर पडला, तर तयार द्रावणाच्या ५०० थेंबांइतके विष कातडीवर आले. आणि हे बोट बहुधा मालकाचे नसते, सालगड्याचे असते. मजुरास संरक्षक साधने पुरविणे हे कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे.

पहिले साधन म्हणजे कुलूप लावता येईल अशी पत्र्याची पेटी. ती राहत्या घरात, स्वयंपाकघराजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी न ठेवता कोरड्या, हवेशीर व मुलांचा वावर नसलेल्या जागी ठेवावी. भुकटीची पाकिटे वर व पातळ औषधे खाली ठेवावीत, म्हणजे बाटली गळाली तरी भुकटी भिजत नाही. तणनाशकांस मात्र वेगळी पेटी हवी. टू-फोर-डी या तणनाशकाचा अल्पसा अंशही कपाशीस बाधतो, त्यामुळे त्याचा पंपसुद्धा कपाशीसाठी वापरू नये. पेटीजवळ कोरड्या मातीची बादली असावी. सांडलेले औषध पाण्याने न धुता आधी मातीत टिपून घ्यावे.

मोजण्यासाठी खुणा असलेले मोजपात्र व ढवळण्यासाठी लांब काठी ठेवावी. ही दोन्ही त्याच कुलपात राहिली पाहिजेत. घरातील पेला 'एक वेळ' म्हणून नेला जातो आणि धुऊन पुन्हा फडताळात जातो, हे फार घडते.

हातमोजे नायट्राइल रबराचे व कोपरापर्यंत पोहोचणारे असावेत. कापडी अथवा कातडी मोजे औषध शोषून घेतात व ते हातालाच लावून ठेवतात. असे मोजे घालण्यापेक्षा न घातलेले बरे. वापरापूर्वी मोज्यांत पाणी भरून छिद्र आहे काय ते पाहावे व काम संपल्यावर ते हातात असतानाच साबणाने धुऊन मग काढावेत. बाटली ओतताना डोळ्यांवर बंद चष्मा व पुढे रबरी अथवा प्लॅस्टिकचा आडपडदा बांधावा. रबरी बुटांवरून पायजमा बाहेर सोडावा. आत खोचल्यास ओघळ बुटात उतरतो. तोंडाला बांधलेल्या रुमालावर विसंबू नये. तो भिजला की विष नाकाशीच धरून ठेवतो. पंपाची तोटी तुंबल्यास ती तोंडाने फुंकू नये. जुन्या दातांच्या ब्रशाने साफ करावी.

रिकामा डबा हा सर्वांत फसवा. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले, आणि ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले असल्याचे मानले गेले. म्हणून डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, डब्यास भोके पाडावीत व वस्ती, विहीर आणि ओढा यांपासून दूर तो पुरावा. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत तर कधीही भरू नये.

मूळ बाटलीवरील चौकोनी खूण गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास प्रत्यक्ष दाखवावी. लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा असला तरी ते विषच असते.

फार घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे अशी चिन्हे दिसताच रोग्याचे कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि त्यास लेबलासह बाटली घेऊन दवाखान्यात न्यावे. ऑर्गेनोफॉस्फरस गटातील विषावर डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र तसा खास उतारा नाही. रोग्याच्या पोटात वा अंगावर काय गेले, हे डॉक्टरांस त्या लेबलावरूनच कळते.