‘पुस्तकात आहे म्हणून’

चि. मनूस,


फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसलो. काल मंडईत वरच्या आळीच्या वहिनी भेटल्या. त्यांचा नातू तुझ्या नववी ‘ब’मध्ये आहे म्हणे. त्या कौतुकच करत होत्या, तुमची भाची भारी कडक, भूमितीचा पहिला धडा दोन तासांत उडवला. मग सहज म्हणाल्या, वर्गात कुणा पोराने विचारलं, ‘बाई, दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे सिद्ध का नाही करायचं? बाकी सगळं तर करायला लावता.’ त्यावर बाई म्हणाल्या, ‘पुस्तकात आहे म्हणून. बस खाली.’

हे खरं आहे का गं? सांगोवांगीच्या गोष्टीला तिखटमीठ लागतं, हे मी जाणतो. पण रात्री झोप लागली नाही.

चाळीस मार्कांचा पेपर, साठ पोरं, त्यात सराव परीक्षा आणि मुख्याध्यापकांचा ‘पोर्शन झाला का’चा तगादा. तू वैतागून बोलली असशील. तरी सांगतो, त्या पोराने विचारलं ते धड्याच्या बाहेरचं नव्हतं, तोच धडा होता. प्रत्येक विधानाला आधीचं कारण मागत मागे गेलं की कुठेतरी थांबावंच लागतं. जिथे थांबायचं ठरवलं ती गृहीतकं. एवढं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आणि वेळ असता तर चेंडू न्यायचास वर्गात. चेंडूवर उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत सरळात सरळ वाटा किती? सगळी रेखावृत्तं! म्हणजे ‘एकच रेषा’ ही सपाट कागदापुरती केलेली कबुली आहे. हे बघितल्यावर पोरं ‘त्यात काय, दिसतंच की’ असं पुन्हा म्हणत नाहीत.

युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास पाच गृहीतकं मांडली. पहिली चार सुटसुटीत. पाचवं लांबलचक: दोन रेषांना छेदिका काढली, एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा त्याच बाजूला वाढवल्यावर छेदतात. त्याचं त्यालाच ते जड वाटत असावं, कारण पहिली अठ्ठावीस प्रमेयं त्याने त्याला हात न लावता काढली. आता तुझ्या उपयोगाचं बघ. सत्ताविसावं प्रमेय म्हणतं, आंतरव्युत्क्रम कोन एकरूप असतील तर रेषा समांतर. एकोणतिसावं म्हणतं, रेषा समांतर असतील तर आंतरव्युत्क्रम कोन एकरूप. पोरांना दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिलं पाचव्या गृहीतकाशिवाय निघतं, दुसऱ्याला ते लागतंच. तुझी पोरं रेषा समांतर दाखवायच्या ठिकाणी कंसात ‘कसोटी’ऐवजी ‘प्रमेय’ लिहितात आणि तू लाल शाईने गोल करतेस. कसोटी कुठली आणि प्रमेय कुठलं, हा घोळ त्या दोन तासांत उडवलेल्या धड्यातल्या जर-तरचा आहे. तिथे घाई केलीस की वर्षभर लाल शाई पुरवत बस.

जर-तर तर तुला मी शिकवावं असं काही नाही. चौथीत असताना आईने ‘पहिली आलीस तर सायकल’ म्हटलं, तू दुसरी आलीस आणि घर डोक्यावर घेतलंस: ‘दुसरी आले तर नाही, असं तू कुठे म्हणाली होतीस?’ नाना हसत हसत गेले आणि सायकल घेऊन आले. तेव्हा तुला जे उमगलं होतं तेच या पोरांना द्यायचंय. चौकोन चौरस असेल तर कर्ण एकरूप. उलट? कुणीतरी ‘आयत!’ म्हणून ओरडेल. मग हुशार पोर म्हणेल, कर्ण एकरूप आणि शिवाय एकमेकांना लंब, मग तर चौरसच. तू काही बोलू नकोस. फळ्यावर दोन सारख्या लांबीचे रेषाखंड काटकोनात काढ, पण मधोमध छेदू देऊ नकोस, आणि टोकं जोड. वेडावाकडा चौकोन निघतो आणि वर्गात दंगा होतो. त्या दंग्यासाठी मी नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल.

त्या पोराने नंतर परत हात वर केला का? तेवढं कळव.

आमच्या वेळी प्रमेयं आकृतीच्या अक्षरांसकट पाठ. ‘अबक’च्या जागी ‘पफब’ आलं की अर्धा वर्ग गारद. मला पैकीच्या पैकी मिळायचे. पण समांतर रेषा कधीच भेटत नाहीत हे कुणी जाऊन बघितलं, हा प्रश्न माझ्या पोटात होता आणि मी तो मॅट्रिकपर्यंत पोटातच ठेवला. पुढे पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं मनात होतं. नानांच्या आजारपणाचं तुला ठाऊकच आहे. बी.एड. केलं आणि चिकटलो. निवृत्तीच्या आसपास वाचनालयात एका पुस्तकात बोल्याई बापलेकांची हकिगत सापडली, ती मॅट्रिकच्या वेळीच वाचायला मिळायला हवी होती. हंगेरीतला फार्कश बोल्याई पाचवं गृहीतक सिद्ध करायच्या नादात वर्षानुवर्षं झिजला. मुलगा यानोशही त्याच नादाला लागल्याचं कळताच १८२० मध्ये त्याने व्हिएन्नाला शिकणाऱ्या पोराला कळवळून पत्र लिहिलं, की यात पडू नकोस, आयुष्य नासेल. पोराने ऐकलं नाही. पाचवं गृहीतक सोडून देऊन वेगळीच भूमिती उभी केली, आणि १८३२ मध्ये ती छापली गेली बापाच्याच पुस्तकाचं परिशिष्ट म्हणून. तेव्हा वडीलधाऱ्यांची पत्रं किती मनावर घ्यायची ते तूच ठरव. हे पत्रही त्यातच धर.

रागावलो असं समजू नकोस. पहिल्या वर्षाला साठ पोरांपुढे उभं राहून कुणाचा तोल जात नाही? तुझा घसा बसलाय असं ताई सांगत होती. ज्येष्ठमध चघळ, आणि मधल्या सुट्टीत वह्या तपासत डबा तसाच परत नेऊ नकोस. त्या पोराला वेगळं बोलावून माफीबिफी मागायची गरज नाही. उद्या सगळ्या वर्गासमोर त्याचाच प्रश्न फळ्यावर लिही, बाकीचं तो बघून घेईल. उत्तर अडलं तर मला विचार, मीही मोकळाच आहे.

दिवाळीचं रिझर्व्हेशन आत्ताच कर, मागच्यासारखी उभ्याने येऊ नकोस. मामीने अनारशाचे तांदूळ आतापासूनच बाजूला काढलेत. पैसे लागले तर सांग. नाही लागले तर फोन करू नकोस असं मी म्हटलेलं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझा,
मामा