चि. पुतण्यास : धुक्यातील वाहनचालनाविषयी



साखरा गावाहून सेनगाव-हिंगोलीकडे पहाटे दुचाकीवर निघणाऱ्या तरुणाने हिवाळ्यात सर्वांत आधी धुक्याचा स्वभाव जाणून घ्यावा. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेल्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि पाणी दिलेल्या गव्हा-हरभऱ्याच्या शिवारात व कयाधू नदीच्या काठाने धुके दाटते. दृश्यमानता, म्हणजे नजर पोहोचू शकेल इतके अंतर, 1 किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्या स्थितीला धुके म्हणते. चालकाची खरी कसोटी मात्र दृश्यमानता 50 मीटरवर आल्यावर लागते.

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तरी 25 मीटर सरतात, आणि दंवाने ओल्या झालेल्या डांबरावर थांबायला पुढे तितकेच किंवा त्याहून अधिक अंतर लागते. वेग निम्मा केल्यास हे ब्रेकनंतरचे अंतर जवळपास चौथाईवर येते. म्हणून वेग रस्त्याच्या ओळखीवर नव्हे, दिसणाऱ्या अंतरावर ठरवावा.

रोजच्या रस्त्याची वळणे पाठ असतात, पण त्यावर रात्रीतून काय उभे राहिले ते कोणालाच ठाऊक नसते. हिवाळा हाच उसाच्या गाळपाचा हंगाम असल्याने ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे लोंबणारे उसाचे वाढे लाल दिवा आणि परावर्तक, म्हणजे प्रकाश पडताच चमकणारी रेडियमची पट्टी, झाकून टाकतात, आणि पंक्चर काढताना चाकाला लावलेले दगड ट्रॉली निघून गेल्यावरही डांबरावर तसेच पडून राहतात. ही बेपर्वाई अक्षम्य आहे, परंतु तिची किंमत मागून येणाऱ्याला मोजावी लागते.

धुक्यात हेडलाइट अप्परवर ठेवल्यास प्रकाश थेंबांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो, म्हणून तो डिपरवर ठेवावा. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटू लागल्यास ती किंचित उघडावी, हेल्मेट मात्र काढू नये. धुक्याप्रमाणेच अवकाळी पावसातही जपावे; त्याच्या पहिल्या सरीत ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर साबणासारखी निसरडी होते. तेथे दोन्ही ब्रेक एकत्र आणि हलके, तेही वळणाआधीच लावावेत.

धुक्यात काहीच दिसेनासे झाल्यास रस्त्याच्या कडेला न थांबता हळूहळू पेट्रोल पंप किंवा हॉटेलाचे आवार गाठावे, गाडी डांबरापासून दूर लावावी आणि घरी फोन करावा. उशीर झाला म्हणून घरातील कोणीही रागावणार नाही.