शेकोटी विझली म्हणजे नक्की काय?

सबमिशन संपलं की होस्टेलवर ट्रेकचा विषय निघतो, आणि ट्रेक म्हटला की शेकोटी आलीच! पण मित्रहो, ती कुठे पेटवायची हे आधी बघायला हवं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आपला लाडका वासोटा कोयनेच्या जंगलातच येतो. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून येणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. राखीव जंगलाला १९२७ चा वन कायदा लागू होतो. त्यामुळे तिथे शेकोटीचा विचारच नको.

मग गावाजवळचं नांगरलेलं रान बघायचं, मालकाला विचारून. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळून कागदासारखं होतं. एक ठिणगी पुरते. त्यात चढ असला तर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापतं आणि आग पळत सुटते. माणसाला चढावर तेवढं पळता येत नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले, वीसहून जास्त जण गेले. सगळेच वणवे ट्रेकर्समुळे लागतात असं मुळीच नाही. नवं गवत चांगलं यावं म्हणून गावकरीही डोंगर पेटवतात. पण म्हणून आपण त्यात भर घालायची गरज नाही.

खरी गडबड विझवताना होते. बहुतेक ग्रुप वरून माती लोटतात आणि झोपतात. जुन्या घरांत बायका रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायच्या, का? सकाळी त्याच्यावरच चूल पेटवता यावी म्हणून! राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे झाकून आपण निखारा विझवत नाही, जपतो. पहाटे वारा सुटला की राख उडते आणि आतला लाल निखारा उघडा पडतो.

इथे थर्मोडायनॅमिक्स कामाला येतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ व्हायला आणखी २२५७. एवढी उष्णता ते निखाऱ्यातून ओढून घेतं. म्हणून पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. चर्र आवाज थांबला की तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून पाणी. शेवटी बोटांनी चाचपून थंड लागली की झालं.

यासाठी पाच लिटरचा एक कॅन वेगळाच ठेवा. तो पिण्याच्या पाण्यात धरू नका, नाहीतर रात्रीच्या चहाला आणि मॅगीलाच संपतो.