झोन दिसला, आता जनुक शोधायला किती पैसे लागतील?

मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसने प्लेटवर, भोवतीचे जंतू न वाढू देता, स्वच्छ झोन दाखवला की लगेच पूर्ण जिनोमचं कोटेशन मागवू नका. आधी १६ एस जनुकाचं सिक्वेन्सिंग करून घ्या. बिल फार तर चार आकडी येतं. त्यातून प्रजाती नक्की कळेलच असं नाही, पण कुळ कळतं. मग अर्काचं एलसी-एमएस करा, म्हणजे संयुग आधीच माहीत असलेलं आहे का ते कळेल. १९६१ मध्ये पिंपरीच्या मातीतून हॅमायसिन हे प्रतिजैविक मिळालं, तेव्हापासून जुनीच संयुगं नव्याने ‘शोधणारे’ पुष्कळ झाले.

जिनोमचं कोटेशन पाच आकडी. स्वस्तातलं असतं ते छोट्या रीड्सचं, आणि फसगत तिथेच होते. प्रतिजैविकं घडवणाऱ्या पीकेएस आणि एनआरपीएस जनुकांत सारखेच भाग पुन्हापुन्हा येतात. दीडशे बेसच्या रीड्स नेमक्या तिथेच अडतात आणि हवा तो जनुक-समूह तुकड्यांत विखुरतो. नॅनोपोर किंवा पॅकबायोच्या लांब रीड्स महाग पडतात, तरी माझं मत त्यांच्याच बाजूने. मात्र डीएनए अखंड हवा. नमुना नापास झाला तर पुन्हा पाठवण्याचे पैसे कोण भरणार, हे आधीच लेखी घ्या. जिनोम ८०-९० लाख बेसचा असेल, तर शंभरपट वाचनाला एक गिगाबेसच्या आत-बाहेर डेटा पुरतो. ‘पाच गिगाबेस’चं पॅकेज कशाला? कच्च्या फास्टक्यू फायली मात्र हक्काने मागा. जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

रंगीत ‘अॅनोटेशन रिपोर्ट’ला वेगळे पैसे देऊ नका. असे जनुक-समूह शोधणारं अँटीस्मॅश हे सॉफ्टवेअर २०११ पासून फुकट आहे. फाइल चढवा, बहुधा काही तासांत समूहांची यादी येते. बॅक्टेरिओसिनसाठी बेगल आहे.

खरा खर्च त्या यादीनंतरचा. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरवर कित्येक दशकं काम झालं होतं, तरी २००२ मध्ये त्याचा जिनोम प्रसिद्ध झाला तेव्हा वीसहून अधिक समूह निघाले. तुमच्याही यादीत तितके निघतील. त्यातला झोन देणारा कोणता, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. संशयित जनुक निकामी करायचं, झोन जातो का पाहायचं, जनुक परत घालून तो येतो का तेही पाहायचं. प्रायमर स्वस्त, महाग पडतात ते प्रोजेक्ट फेलोच्या पगाराचे महिने. अनुदानाच्या अर्जात ते आधीच धरा.