ठाण्याच्या अलीकडे

२०१८ सालचा नोव्हेंबर तुम्ही विसरला नसाल. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, तलासरी या पट्ट्यात जमीन हलायला लागली आणि मग थांबेचना. फेब्रुवारी २०१९ मध्ये चार रिश्टरच्या वरचा धक्का बसला. थंडीचे दिवस, तरी त्या बाजूची माणसं पोराबाळांना घेऊन अंगणात झोपायची, नाहीतर सरकारने दिलेल्या तंबूत. आपल्या वाणगावातही वर्गात बाक सरकला तरी मुलं दाराकडे धावायची. कुणाचं पोट दुखायचं, कुणी रात्री अंथरूण ओलं करायचं, अगदी सातवी-आठवीतलीसुद्धा. त्या महिन्यांत एकाही आईबापाने मुलाला ‘नाटकं करू नकोस’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. धक्का सगळ्यांनाच बसत होता ना.

तोच थरकाप एकट्या पोराला होत असेल, घरातली भांडी मात्र जागच्या जागी असतील, तर आपण त्याला काय म्हणतो? आळशी झालंय. मोबाइलने डोकं बिघडलंय. शाळा चुकवायला निमित्त पाहिजे. बत्तीस वर्षं मी शिकवलं आणि ही तिन्ही वाक्यं माझ्या तोंडून गेलेली आहेत, तेव्हा तुमच्याकडे बोट दाखवायला आज बसलेली नाही.

नववीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरची मिरची, आई भल्या पहाटे तोडणीला जायची, मुलगी अभ्यासात बरी. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. आधी सोमवारी, मग रोजच. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. ‘गणिताच्या तासालाच बरं दुखतं गं तुझं,’ असं मी भर वर्गात बोलले. वर्ग हसला. दहावीला ती शाळेतून गेली. पाच-सहा वर्षांनी तिची आई बाजारात भेटली तेव्हा कळलं, की त्या वर्षी पोरगी रात्रीची दोन तास झोपली तरी खूप. छातीत धडधड, हातपाय गार, आता आपण मरणार असं वाटायचं. मरणाचा शब्द घरात काढायचा नाही, म्हणून ती पोट दुखतं म्हणायची. पोटदुखीला घरात मान असतो. आईने दोनदा भगताकडे नेलं, दोन कोंबड्या गेल्या. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून वलसाडला डॉक्टरांना दाखवलं, काही महिने गोळ्या चालल्या, सोबत समुपदेशन. आता बोईसरला कंपनीत जाते. ‘बाई, तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर,’ एवढंच ती माउली म्हणाली. तो ‘कुणी’ म्हणजे मीच होते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या शंभर मुलांमागे सात जणांना मनाचा काही ना काही आजार आढळला. साठांच्या वर्गात चार. माझ्या हाताखालून असे किती गेले, त्याचा हिशोब करायला मी एकदा बसले आणि अर्ध्यावर वही मिटली. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, की मानसिक आजारांपैकी निम्मे अठराव्या वर्षाआधीच सुरू झालेले असतात. ‘वय आहे, जाईल’ असं आपण म्हणतो, तेच हे वय.

मग वयाचा रुसवा कुठला आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी बघते. दिवस किती झाले? चार दिवस तोंड पाडून बसणं वेगळं, दोन-तीन आठवडे चाललं तर वेगळं. आणि जे जीव टाकून आवडायचं ते सुटलं का? क्रिकेटपायी जेवण विसरणारा मुलगा मैदानाकडे फिरकेना, तारपा वाजला की पहिली उठणारी पोरगी कोपऱ्यात बसून राहू लागली, तर तिथे थांबा. प्रगतिपुस्तकाची वाट बघू नका. मार्क कधीकधी सगळ्यात शेवटी घसरतात.

इथवर आलं की घरात एक शब्द येतो. ठाणे. ‘याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ असं आपण चेष्टेत म्हणतो, पण चेष्टा ऐकणाऱ्या पोराला एवढं नक्की कळतं, की आपल्याला जे होतंय ते बोलायचं नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या बोलण्यात मात्र सव्वाशे वर्षं मनाचा डॉक्टर म्हणजे ठाणे आणि ठाणे म्हणजे वेड, हे पक्कं बसलंय. शिवाय वाणगावहून ठाणे म्हणजे पहाटेची गाडी, मध्ये बदल, दोन माणसांची मजुरी बुडालेली, आणि ओपीडीची वेळ गाठली तर गाठली. डहाणूपर्यंत लोकल आली तीच मुळी २०१३ मध्ये. कोण जाणार?

भगत मात्र पाड्यातच असतो. ओळखीचा असतो, मध्यरात्रीही उठतो आणि सगळं ऐकून घेतो. ऐकून घेण्याचं मी मुद्दाम म्हणते, कारण आमच्यासारख्या शिकलेल्यांनी ते केलं नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे. अंगात आलं, बाहेरचं लागलं म्हणून लोक तिथे येतात. तिथे ‘दवा आणि दुवा’ या नावाने उपचाराची सोय केली गेली. मुजावर दुवा देतात आणि माणसाला डॉक्टरांकडेही पाठवतात. म्हणून मी कुणाचा देव सोडवायला निघालेली नाही. भगताकडे जायचं तर जा, फक्त चालू असलेली गोळी बंद करू नका आणि चटके, मार असलं काही पोराच्या वाट्याला येऊ देऊ नका. साखळदंडाने बांधून ठेवायला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे.

लांबचं जवळ आणायचं काम आपल्या डहाणू तालुक्यात आधी झालेलं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द देशाला मिळाला. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी तिथे कुरणातच शाळा भरायची. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्पाने मनाच्या दुखण्यासाठी असंच काहीसं केलं. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, की दुःखी माणसाशी चार वेळा बसून बोलायचं आणि गरज दिसली तर डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं. आपल्या आशाताई, अंगणवाडीताई यापेक्षा वेगळ्या कुठे आहेत? त्यांच्याशी बोलायला सुरुवात करा.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढताना ताप-खोकला सांगता तसंच सांगा, की पोरगा झोपत नाही, घाबरतो, एकटा रडतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं कुठे आणि कोणत्या दिवशी भेटतील, ते तिथेच विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या आठवड्यात परत विचारा. ग्रामसभेत आपण नळाचं विचारतो, दिव्याच्या खांबाचं विचारतो, हे मात्र आजवर कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि कुठे जायचीच हिंमत होत नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस म्हणतात त्याला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मिरचीवाल्या घरांना एक वेगळं सांगते. फवारणीचं औषध पडवीत उघड्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. जीव नकोसा होण्याची ती घडी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर ती निघून जाते. ‘जगून काय करू’ असं पोराच्या तोंडून निघालं तर विषय बदलू नका. जवळ बसून सरळ विचारा, की जीव द्यावासा वाटतो का रे. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट आत कोंडलेलं बाहेर येतं. मग त्याला एकटं सोडू नका आणि सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. पोलिसांचं लफडं होईल म्हणून काही घरं असली गोष्ट झाकून ठेवतात आणि त्यात उपचार राहतो. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय, की असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

गेल्या पावसाळ्यात एक आई माझ्या ओट्यावर येऊन बसली. १४४१६ हा नंबर तिच्याकडे होता, पदराच्या गाठीत चिठ्ठी होती, पण तीन दिवस लावला नव्हता. म्हणाली, ‘बाई, समोरून कुणी उचलला तर काय बोलायचं?’ मी तिला सांगितलं, ‘मी वाणगावहून बोलते, माझी पोरगी दोन महिने नीट झोपलेली नाही, एवढंच बोल. पुढचं ते विचारतील.’ तिने ते दोनदा माझ्यासमोर म्हणून बघितलं, मग फोन घेऊन जरा लांब, चिकूच्या झाडाखाली गेली. मी चहा ठेवला. तो पार निवला तरी तिचं बोलणं चालूच होतं.