नियती की यंत्र? एका इंग्रजी भयकथेचा अभ्यास

अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या विद्यालयात इंग्रजीच्या तासाला भयकथा कशासाठी, ही पालकांची शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की, भय दडपून नाहीसे होत नाही. ते कसे निर्माण होते हे उमगले म्हणजे त्याची सत्ता ओसरते. उदाहरणादाखल डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 1902 साली पुस्तकरूपाने आलेली ‘द मंकीज पॉ’, म्हणजेच ‘माकडाचा पंजा’, ही कथा घेऊ.

हिंदुस्थानातून परतलेला सार्जंट-मेजर मॉरिस हा व्हाइट कुटुंबाच्या घरी एक वाळलेला पंजा आणतो. तो एका फकिराने मंतरलेला असून तीन इच्छा पुरवतो, अशी त्याची ख्याती. माणसाचे आयुष्य नियती चालविते आणि तिच्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे त्या फकिराला सिद्ध करावयाचे होते. वृद्ध व्हाइट 200 पौंड मागतात. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस निरोप आणतो : मुलगा हर्बर्ट यंत्रात सापडून मरण पावला, कंपनी जबाबदारी नाकारते, मात्र त्याच्या सेवेची दखल घेऊन काही रक्कम देऊ करते. रक्कम असते 200 पौंड. पुढे आईच्या हट्टाने मुलगा परत मागितला जातो. रात्री दारावर थाप पडते. परंतु वडील तिसरी इच्छा उच्चारतात आणि दार उघडते तेव्हा रस्ता निर्मनुष्य असतो.

वर्गात आम्ही फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात ‘प्रत्यक्ष घडले ते’, दुसऱ्यात ‘पात्रांना वाटले ते’. रकाने भरू लागताच ध्यानी येते की, मेलेला मुलगा परत आलेला कोणीही पाहिलेला नाही. अंधार, विझलेली मेणबत्ती, हाताला न पोहोचणारा वरचा अडसर आणि थाप, एवढ्यावर लेखकाने भय उभे केले आहे. उरलेले भूत वाचकाच्या मनाने घडविलेले असते.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली, जादूटोण्याचा उगम लेखकाने हिंदुस्थानात ठेवला. राज्यकर्त्यांच्या कल्पनेत आपला देश गूढ फकिरांचाच होता. दुसरी अधिक महत्त्वाची. हर्बर्टला पंजाने मारले की यंत्राने? ब्रिटनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1897 साली झाला होता. तरीही कथेतील कंपनी भरपाईला हक्क मानत नाही, ती कृपा म्हणून देते. आई-बापही मालकाला प्रश्न विचारत नाहीत. पंजाला दोष देतात.

नशिबाच्या नावाखाली अन्याय कसा झाकला जातो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दुःखाला पूर्वकर्म म्हटले गेले. बाबासाहेबांनी ते नाकारले. 1942 ते 1946 या काळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांनी कामगाराचे प्रश्न नशिबावर न सोपविता कायद्याच्या कक्षेत आणले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ही कथा घरी मुलांसह अवश्य वाचावी आणि शेवटी तीन प्रश्न विचारावेत. यात कोणी काय प्रत्यक्ष पाहिले? नियतीवर विश्वास ठेवल्याने कोणाचा लाभ झाला? हर्बर्टच्या यंत्राची जबाबदारी कोणाची होती?