आखाजी : लेकींचा आणि जिवलग मैत्रिणींचा उन्हाळी सण



वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय तृतीया. राज्यात बऱ्याच ठिकाणी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, सोनं खरेदीचा आणि आमरसाचा दिवस. पण आमच्या खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात, या सणाला 'आखाजी' म्हणतात आणि त्याचं महत्त्व दिवाळीइतकंच मानतात. बहिणाबाई चौधरी याच मातीतल्या, जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांनाही आखाजीवर कविता करावीशी वाटली, यावरून या सणाची जागा लक्षात येते. मुलांना हा सण कसा समजावून सांगावा, यासाठी हा लेख.

सण उन्हाळ्यातच का?

यामागे शेतीचं वेळापत्रक आहे. रब्बीचा गहू, हरभरा, दादर घरात आलेली असते. खरिपाची पेरणी पाऊस पडल्यावर. मधले हे दिवस शेतकऱ्याला जरा मोकळे. हातात धान्य आहे, अंगाला सवड आहे, मग लेकीला माहेरी आणायला यापेक्षा चांगली वेळ कोणती? शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं सालही परंपरेने आखाजीलाच संपायचं आणि नवीन ठरायचं. म्हणजे हिशोबाचं वर्षसुद्धा याच दिवशी बदलायचं.

घरातली आखाजी

सणाच्या आधी काही दिवस वाळवणाची गडबड असते. कुरडया, पापड, शेवया घरोघरी होतात. हे काम एकटीचं नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. मजुरी कोणी देत नाही, पण कोण कोणाकडे किती दिवस आलं होतं ते सगळ्यांच्या लक्षात असतं! मुलांचं काम म्हणजे राखण करणं, आणि मधूनमधून गरम चीक नाहीतर पापडाची लाटी मागणं.

सणाच्या दिवशी नवीन मातीची घागर पाण्याने भरून पूजतात. तिच्यावर डांगर किंवा आंबा ठेवतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण करून नैवेद्य दाखवतात. नैवेद्याला खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई-पापड. ऐन तापलेल्या दिवसांत पूर्वजांच्या नावाने पाणी ठेवायचं, ही कल्पनाच किती साधी आणि खरी आहे! मुलांना आजोबा-पणजोबांची नावं सांगण्यासाठी याहून चांगला दिवस नाही.

मैत्रिणींची आखाजी

लग्न झालेल्या मुलीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. ती माहेरी येते तशाच तिच्या बरोबरीच्या मैत्रिणीही आलेल्या असतात. कोणी सुरतला दिलेली, कोणी नाशिकला, कोणी शेजारच्याच गावात. एरवी वर्षभर एकमेकींचं तोंड दिसत नाही. मग कडुलिंबाला झोका बांधला जातो आणि गौराईची गाणी सुरू होतात. त्या गाण्यांत सासर असतं, माहेर असतं, भावाची वाट पाहणं असतं. जे सासरी बोलता येत नाही, ते झोक्यावर गाता येतं.

म्हणून ज्या आज्या आज सत्तरीत आहेत, त्यांच्या मैत्रिणीही त्यांच्याच वयाच्या आणि तितक्याच जवळच्या आहेत. ना फोन होता, ना पत्र लिहिता येत होतं. पण वर्षातून एकदा, एकाच झाडाखाली भेटायचं ठरलेलं होतं. मैत्री टिकायला रोज भेटावं लागतंच असं नाही, पण भेटीचा एक दिवस पक्का असावा लागतो. हे मुलांना जरूर सांगा.

आखाजीतून काय शिकवता येईल?

१. परिसर अभ्यास : काही गावांत गौराईसाठी टोपलीत माती भरून गहू पेरतात. वर्गातही एक टोपली उजेडात आणि एक अंधारात ठेवा. रोपांचा रंग आणि उंची यांतला फरक मुलं स्वतः टिपतील.
२. विज्ञान : मातीची घागर आणि स्टीलचा हंडा यांत सारखं पाणी भरा. दुपारी कोणतं गार लागतं? घागरीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होताना आतली उष्णता निघून जाते. बाष्पीभवन एवढ्यात समजतं.
३. गणित : अक्षय तृतीया 2024 साली 10 मे रोजी होती, 2025 साली 30 एप्रिलला. किती दिवस आधी आली? चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, हे सांगून अधिक महिन्यापर्यंत जाता येतं.
४. भाषा : आजीकडून एक अहिराणी गाणं ऐकून लिहून आणणे. घरी बोलली जाणारी बोली वहीत उतरली की मुलांना तिची लाज वाटत नाही.
५. मुलाखत : 'आजी, तुझी सगळ्यात जुनी मैत्रीण कोण? तुम्ही शेवटच्या कधी भेटलात?' हे दोनच प्रश्न. उत्तरं ऐकताना मुलं अगदी गप्प बसतात.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी

अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर लग्नं पुष्कळ होतात आणि त्यात काही वेळा कमी वयाच्या मुलींचीही लावून देतात. कायद्याने मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण हवं. सुट्टीनंतर पटावरचं एखादं नाव वर्गात परत येत नाही, तेव्हा तिच्या मैत्रिणींचीही एक जागा रिकामी होते. असं काही कानावर आलं तर ग्रामसेवकांना सांगा किंवा 1098 या क्रमांकावर फोन करा. आखाजी हा लेकीला घरी आणण्याचा सण आहे. शाळेत जाणाऱ्या लेकीला घालवून देण्याचा नाही.

पालकांना विनंती

आता झाडं कमी झाली, झोकेही कमी झाले. बरीच पुरुष मंडळी आखाजीला पत्त्यांचा डाव मांडून बसतात. त्यापेक्षा सकाळच्या गारव्यात मुलांसाठी एक झोका बांधून द्या. आत्याला, मावशीला एक दिवस जास्त राहू द्या. स्वयंपाकाला सगळ्यांनी हात लावा, म्हणजे माहेरी आलेल्या लेकीला आणि घरातल्या सुनेलाही थोडी मोकळीक मिळेल. आणि सुनेला तिच्या माहेरी पाठवायला विसरू नका, तिथेही तिची मैत्रीण वाट बघत असेल.

आपल्या भागात उन्हाळ्यातला असा कोणता सण आहे, तो मुलांकडून जरूर लिहून घ्या.